हसरा चेहरा, जळतं काळीज

दारात पाहुणे आले की डोळे पुसायचे, पदर सावरायचा आणि हसत चहाचा ट्रे बाहेर न्यायचा! हे कोणत्या गृहिणीला सांगायला हवं? अमेरिकेच्या ब्लूज गाण्यांतही गिटारच्या सुरावर हेच दुःख कितीदा गायलं गेलंय. पण तंजावूरच्या मराठी दरबारातल्या एका गणिकेने ते अडीचशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं.

तिचं नाव मुद्दुपळनी. व्यंकोजीराजांच्या वंशातले प्रतापसिंह (१७३९ ते १७६३) गादीवर असताना ती दरबारात होती. राजे मराठी, पण काव्याची भाषा तेलुगू. त्या भाषेत तिने 'राधिका सांत्वनमु' रचलं. त्यातली राधा विरहिणी तर आहेच, पण तिची खरी परीक्षा वेगळीच आहे. जिला लहानाचं मोठं केलं त्या इळेचं लग्न ती स्वतः कृष्णाशी लावून देते. नवरीला सजवते, पहिल्या रात्रीच्या चार गोष्टी समजावते, कृष्णालाही 'पोर नाजूक आहे, जपा' म्हणून बजावते. घरातली कर्तीसवरती बाई जशी वागेल तशीच! दार लागतं आणि मग मात्र तिचा धीर सुटतो. मत्सर, संताप, रडणं, सगळं बाहेर येतं. शेवटी कृष्णालाच येऊन तिची मनधरणी करावी लागते. 'राधेचं सांत्वन' हे नाव त्यावरूनच.

मुद्दुपळनीने स्वतःचं काहीच झाकलं नाही. आपली आजी, आपलं रूप, आपली विद्वत्ता यांबद्दल तिने ग्रंथारंभी अभिमानाने लिहिलंय. झाकाझाक केली ती पुढच्यांनी. १८८७ च्या छापील प्रतीतून प्रस्तावना आणि काही पद्यं गाळली गेली. समाजसुधारक वीरेशलिंगम यांनाही हे काव्य एका बाईने लिहावं याचा राग आला. तेव्हा देवदासी कुळातली गायिका बंगळूर नागरत्नम्मा हिने मूळ हस्तलिखित मिळवून १९१० मध्ये पूर्ण काव्य छापलं आणि विचारलं की, लाजलज्जा काय फक्त बायकांनीच बाळगायची? दुसऱ्याच वर्षी सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती उठायला १९४७ साल उजाडलं.

याच नागरत्नम्माने तंजावूरजवळच्या तिरुवैयारूला संत त्यागराजांची समाधी बांधली, तिथे बायकांना गाता यावं म्हणून पुरुषांशी वर्षानुवर्षं भांडली. १९५२ मध्ये ती गेली. त्यागराजांच्या समाधीसमोरच आज तिची मूर्ती आहे.