गज काय सांगतो?
ठासणीच्या बंदुकीची निगा आणि विस्मरणात चाललेली एक घरगुती विद्या

दिवाळीत पोरांच्या हातात टिकल्यांची बंदूक येते. चाप ओढला की घोडा टिकलीवर आपटतो, टिकली फुटते, थोडा धूर होतो आणि पोरगं खूश होतं. या खेळण्यात जे घडतं, तेच आमच्या घरातल्या खऱ्या बंदुकीत घडत असे. इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठाला आमची जिरायती जमीन होती. माझ्या आजोबांकडे, म्हणजे आबांकडे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. ती माजघरात उंच खुंटीला टांगलेली असे.

मी शस्त्रतज्ज्ञ नाही. पदवी वाणिज्य शाखेची आहे आणि पोटापाण्यासाठी बारामतीत ठिबकच्या साहित्याचं दुकान चालवतो. पण त्या बंदुकीमुळे एकदा आमच्या घरावर जो प्रसंग आला, त्यानंतर हा विषय डोक्यातून गेला नाही. गेली वीस वर्षं मिळेल ते वाचत आलो आणि जुन्या माणसांना विचारत आलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

बार भरणे

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतं. दारू, चिंध्या, छर्रे हे सगळं नळीच्या तोंडातून आत जातं. आधी दारू, तिच्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे आणि ते ओघळू नयेत म्हणून पुन्हा बोळा. प्रत्येक थर लांब गजाने ठासायचा, म्हणून ती ठासणीची. नळीच्या मागच्या टोकाला एक बारीक पोकळ चोच असते. तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी चोचीतून आत उतरते आणि बार उडतो.

ही टोपी यायच्या आधी चकमकीची ठिणगी किंवा जळता तोडा लागे. कानाजवळ रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घालावी लागे आणि पावसात ती भिजे. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याला शिकारीचा नाद होता. रंजकाचा भपका दिसताच पक्षी उडून जातात, या वैतागातून त्याने आघाताने पेटणारं मिश्रण वापरायची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे त्यातूनच टोपी आली. आपल्या पोरांची टिकली ही तिचीच धाकटी बहीण.

या विद्येने मराठीला किती शब्द दिले, हे मोजायला हवं. आपण भाषणाला फुसका बार म्हणतो, लग्नाचा बार उडवतो, तंबाखूचा बार भरतो. बंदूक हातात न धरलेली माणसंही रोज तिची भाषा बोलतात. ज्या कृतीतून हे शब्द आले, ती कृती मात्र आता फार थोड्या जणांना ठाऊक आहे.

धुणे आणि पुसणे

आबा बंदूक क्वचितच उडवत. राखणीची मुख्य भिस्त गोफणीवर, डबे बडवण्यावर आणि कुत्र्यावर असे. पण ज्या रात्री बार उडे, त्या रात्री कितीही उशीर झाला तरी बंदूक धुतल्याशिवाय ते जेवत नसत. चुलीवर पाणी उकळायचं, नळी त्या पाण्याने धुवायची, गजाला चिंधी गुंडाळून आतून घासायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाचा हात.

या घाईमागे रसायनशास्त्र आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू पूर्ण जळत नाही. तिच्यातला निम्म्याहून अधिक भाग क्षारांच्या आणि काजळीच्या रूपाने मागे राहतो. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि लोखंडाला गंज चढवतात. नुसत्या तेलाने ते जात नाहीत. ते पाण्यात विरघळतात, म्हणून पाणीच लागतं. पाणी उकळतं असलं की नळी तापते आणि आपोआप लवकर कोरडी होते.

महाविद्यालयात एन.सी.सी.त गेल्यावर हाच धडा वेगळ्या गणवेशात भेटला. थ्री-नॉट-थ्री रायफलच्या दस्त्यात मागच्या बाजूला पितळी झाकण असतं. त्याच्या आत तेलाची छोटी बाटली आणि वजन बांधलेली दोरी, म्हणजे पुलथ्रू, ठेवलेली असते. दोरीला चिंधी अडकवायची आणि नळीतून ओढायची. तिची दारू धूरविरहित होती, पण जुन्या काडतुसांच्या टोपीतले क्षार नळीत उरत, म्हणून ब्रिटिश काळात सैनिक नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतत. माझ्या आबांनी कोणतंही सैनिकी पुस्तक वाचलेलं नव्हतं, तरी ते तेच करत होते.

घरातून कारखान्यात

इथे इतिहासाचा एक सांधा आहे. जोवर बंदूक तोंडातून भरली जात होती, तोवर भरणं आणि निगा राखणं ही एकाच हाताची कामं होती. १८५७ च्या उठावात गाजलेलं एन्फिल्डचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी होती. शिपायाने ती दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. पुढच्या दहा वर्षांतच मागून भरायच्या बंदुका आणि धातूची काडतुसं आली. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. तो आजही चालू आहे आणि २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. काडतूस आलं आणि बार भरण्याची विद्या घरातून उठून कारखान्यात गेली. माणसाकडे फक्त चाप उरला.

दुसरीकडे कायदा आला. १८७८ च्या कायद्याने हत्यारासाठी परवाना सक्तीचा केला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा झाला. त्याच्या कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. आबांचा परवाना त्यातलाच. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बंदूक असली तरी ती कोणावर रोखायची याला मर्यादा पडल्या. ते योग्यच झालं. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात आणि कडबनवाडीच्या माळावर आज चिंकारा दिसतो तो या कायद्यामुळे. कालव्याचं पाणी आलं, ज्वारीच्या जागी ऊस आला आणि रानडुकराला बारमाही आडोसा मिळाला. प्रश्न वाढला, बंदुका मात्र कमी झाल्या. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होत, आणि म्हाताऱ्या मालकांना ती ये-जा नकोशी होई.

तिकडचे काउबॉय

अमेरिकेत याच विद्येचा खेळ झाला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काउबॉयचा वेष करून, त्या काळच्या घडणीच्या रायफली आणि रिव्हॉल्व्हर घेऊन लोक पोलादी पाट्यांवर नेम धरतात. १९८७ साली या खेळाची सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी ही संस्था स्थापन झाली. १८७३ च्या विंचेस्टरसारखी, चापाभोवतीची कडी खाली-वर करून चालवायची रायफल हे त्यांचं आवडतं हत्यार. त्यांच्यातले बरेच जण उडवलेली पितळी काडतुसं फेकत नाहीत. ती साफ करायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू भरायची, शिशाची गोळी बसवायची, हे काम ते हिवाळ्यात घरी बसून करतात. जे काळी दारू वापरतात, ते संध्याकाळी आबांसारखेच गरम पाणी घेऊन बसतात. आपल्याकडे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो, त्यामुळे हा उद्योग इथे घरी करण्याचा प्रश्नच नाही.

त्यांच्याविषयी वाचताना एका गोष्टीपाशी मी थबकलो. त्यांना सर्वांत जास्त भीती वाटते ती फुसक्या बाराची. काडतुसात दारू पडायची राहिली, तर नुसती टोपी गोळीला थोडंसं ढकलते आणि गोळी नळीतच अडकते. आवाज बारीक येतो. नेमबाजाने घाईत दुसरा बार उडवला, तर नळी फाटते. म्हणून आवाज जरा वेगळा आला तरी तिथेच थांबायचं, आणि नळीत गज घालून ती मोकळी असल्याची खात्री करायची, असा दंडक आहे. आपण फुसक्या बाराला हसतो. बंदूकवाल्याला मात्र त्याचाच घाम फुटतो.

गजावरच्या दोन खुणा

आबांच्या गजावर दोन खाचा होत्या. रिकाम्या नळीत गज सोडला की वरची खाच नळीच्या तोंडाशी येई. बार भरलेला असेल तर गज तेवढा वर राही आणि दुसरी खाच तोंडाशी दिसे. बंदूक खुंटीवरून काढली की आबा आधी गज सोडत. आम्हा नातवंडांनाही ते खाच बघायला लावत. म्हणायचे, "माणूस इसरतो. नळीत काय हाय त्ये गजाला इचारायचं."

१९८६ साली आबा गेले. परवाना त्यांच्या नावावर होता, तेव्हा बंदूक जमा करायची ठरलं. थोरले चुलते, तात्या, ती खुंटीवरून काढून मांडीवर घेऊन पुसत बसले होते. गेल्या हंगामात कुणीच बार ऐकला नव्हता, म्हणजे ती रिकामीच, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी सोळा वर्षांचा होतो. सवयीने गज घातला, तर तो खालच्या खाचेवर थांबला. गंजामुळे अडकला असेल, असं वडील म्हणाले. तात्यांनी स्वतः घालून पाहिला. खालचीच खाच. नळीचं तोंड तेव्हा ओट्यावर बसलेल्या आजीकडे होतं.

तात्यांनी बंदूक तशीच भिंतीकडे तोंड करून ठेवली, घर रिकामं केलं आणि पोलीस ठाणं गाठलं. परवानाधारक कारागीर आला. त्याने आतली दारू पाण्याने भिजवून निकामी केली आणि दुसऱ्या दिवशी ठासण ओढून काढली. बोळ्याची चिंधी बाहेर आली ती आजीच्या जुन्या लुगड्याची होती. आजीने काठ ओळखला. शेवटच्या हिवाळ्यात आबांनी डुकरांसाठी बार भरला असणार. डोळे गेले होते, उडवला नाही. ठासलेला बार उडवल्याशिवाय सहज निघत नाही, म्हणून तो तसाच राहिला. आणि दोन खाचा पाहणारे आबाच राहिले नाहीत.

मला वाटतं, या विद्येचा गाभा भरण्यात किंवा नेम धरण्यात नव्हताच. आपल्या आठवणीवर विश्वास न ठेवता प्रत्येक वेळी नळीला विचारण्यात तो होता. अमेरिकेत खेळाच्या नियमांनी ती सवय टिकवली. आपल्याकडे ती माणसांच्या हातात होती, कागदावर कधी आली नाही. माणसं गेली, पण बंदुका अजून काही घरांत, वाड्यांत, माळ्यांवर आहेत.

तेव्हा वाचकांना एक विनंती. आपल्या गावाकडच्या घरात अशी एखादी जुनी नळी टांगलेली असेल, तर ती शोभेची म्हणून खाली काढू नका, घोडा ओढून पाहू नका आणि मुलांना हात लावू देऊ नका. ती भरलेलीच आहे असं धरा. परवाना संपला असेल किंवा परवानाधारक हयात नसेल, तर कलम २१ प्रमाणे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची सोय आहे. बंदूक जागेवरून न हलवता आधी ठाण्याला कळवा. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसून ती कशी धुवत, काय ठासत, खुणा कुठे करत, हे विचारून वहीत लिहून घ्या.

आबांची बंदूक जमा झाली. गज मात्र त्या दिवशी गडबडीत आजीच्या खोलीतच राहिला. पुढे कित्येक वर्षं आजी त्याने वाळत घातलेली लुगडी दोरीवर सारत असे. दोन्ही खाचा शेवटपर्यंत स्पष्ट होत्या.