कुरण व गायरान : एक शब्दभेद

जुन्या दप्तरांत कुरण व गायरान हे शब्द वारंवार येतात, व दोहोंचा अर्थ 'गुरें चारण्याची जागा' असा एकच समजून वाचक पुढें जातात. आमच्या मतें हा समज बरोबर नाहीं, आणि त्यानें होणारी हानि केवळ कोशापुरती राहत नाहीं.

स्मृतिकारांना हा भेद ठाऊक होता. मनूनें गांवाभोंवतीं १०० धनु रुंदीचा 'परीहार' मोकळा ठेवण्यास सांगितलें आहे, व नगरास त्याच्या तिप्पट. चार हातांचा एक धनु धरल्यास गांवाचा पट्टा ४०० हातांचा होतो. ह्या पट्ट्यांत कोणी कुंपणावांचून पीक केलें व तें गुरांनीं खाल्लें, तर गुराख्यास दंड नाहीं. हें सरळ सरळ गायरान होय. याज्ञवल्क्य त्यालाच 'परीणाह' म्हणतो. उलट कौटिल्याचा शब्द 'विवीत'. तो वि + व्ये, म्हणजे वेढणें, ह्या धातूवरून आलेला. राखलेली, वेढलेली भूमि असा त्याचा मूळ अर्थ. शेतीस निरुपयोगी भूमीवर विवीतें करावीं असें तो सांगतो, व त्यांवर स्वतंत्र अध्यक्ष नेमून निर्जल जागीं विहिरी खणविण्याचें कामही त्याच्याकडेच देतो. आमचें कुरण ह्याच जातीचें.

कुरणांत पावसाळ्यांत गुरें घालीत नसत. गवत वाढूं देऊन मग कापीत. ही कापणी पुष्कळदां गांवकऱ्यांच्या वेठीनें होई, हेंही विसरतां कामा नये. कापलेल्या गवताचें मोल किती होतें, तें शिवछत्रपतींनीं चिपळूण प्रांतीं छावणीच्या जुमलेदारांस पाठविलेल्या पत्रावरून कळतें. वैरण आधींच उधळली तर पावसाळ्यांत घोडीं मरतील व मग तुम्ही कुणब्यांस उपद्रव द्याल, असें तें बजावतें. उंदरानें दिव्याची वात ओढून नेल्यास गंजीस आग लागेल, येथपर्यंत त्यांची नजर पोंचली आहे.

आतां राखण्याचें कारण. गुरें रुचकर गवत आधीं खातात. पवना, मारवेल हीं बीं धरण्यापूर्वींच वारंवार खुडलीं गेलीं म्हणजे त्यांचीं मुळें क्षीण होतात व कुसळी पसरते. चराई तशीच चालली तर कुसळीही जाऊन मुरूम उघडा पडतो. पावसाळ्यांत जागा बंद ठेवली, बीं गळूं दिलें व पाळीपाळीनें गुरें सोडलीं, तर मुळें शिल्लक असतील तेथें गवत पुन्हां धरतें. अगदीं उघड्या झालेल्या उतारावर मात्र समपातळी चर खणून बीं पेरावें लागतें. माळ 'सुधारण्या'साठीं त्यावर सरसकट झाडें लावणें हा उपाय नव्हे. गवतास ऊन हवें, आणि माळढोकासारख्या पक्ष्यास मोकळें रान. नान्नजचें अभयारण्य १९७९ सालीं त्याच पक्ष्यासाठीं झालें.

परंतु सरकारी वर्गवारींत असा माळ पुष्कळदां 'पडीक' म्हणून चढतो, आणि पडीक म्हटलें कीं तो दुसऱ्या कामास देण्यास कोणास संकोच वाटत नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्याच्या २२ व्या कलमान्वयें गुरांच्या मोफत चराईसाठीं जमीन राखून ठेवतां येते. सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें दूर करावींत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं दिला. अशा वादांत जुना कागद साह्य करूं शकतो. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, कुरणाची चतुःसीमा, बंदीचे महिने, कापणीची वांटणी अथवा वनचराईची रक्कम ज्यांत आली आहे असे कागद किरकोळ म्हणून बाजूस टाकूं नयेत. त्यांची नक्कल गांवाच्या नांवासह स्वतंत्र ठेवावी, आणि मूळांत 'कुरण' असेल तेथें 'गायरान' लिहूं नये.