तालमीतला दम, मॅटवरचा दम

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या अहिल्यानगरातच महाराष्ट्र केसरी झाली. पृथ्वीराज मोहोळने महेंद्र गायकवाडला हरवून गदा पटकावली. त्यानंतर गावोगावची पोरं तालमीकडे वळली असतील, तर हे वाचाच.

आजची मॅटवरची कुस्ती म्हणजे ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये फक्त ३० सेकंद विश्रांती. त्यामुळे नुसतं मैलोन्‌मैल पळून भागत नाही. मिनिटभर जीव तोडून जोरकस काम, थोडी उसंत, पुन्हा तेच, असा इंटरव्हल सराव हवाच.

पण म्हणून जुनं टाकाऊ ठरत नाही. जोर मारताना छाती, खांदे, दंड आणि पाठ एकदम कामाला लागतात. बैठकांनी मांड्या तयार होतात. दोरावर हातांनी चढलात की पंजाची पकड अशी घट्ट होते, की समोरच्याचं मनगट सुटत नाही. हौद्यातली माती फावड्यानं उकरणं हाही कंबर आणि पाठीचा पक्का व्यायामच. माझ्या मते याला तोड नाही!

आता चढावर धावण्याबद्दल. अकोले तालुक्यातला हर्षवर्धन सदगीर २०२० चा महाराष्ट्र केसरी. त्या डोंगराळ भागातल्या पोरांना चढावर धावायला वेगळं मैदान शोधावं लागत नाही. आठवड्यातून दोनदा चढ पुरे.

नवख्यांनी पहिल्याच आठवड्यात शेकडो बैठका मारू नयेत. गुडघे धरतात. संख्या हळूहळू वाढवा, आणि वस्तादांसमोरच करा.