गुळाची ढेप आणि गेमची प्रत

यवतला आमचं गुऱ्हाळ आहे. तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामी ज्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली असेल, त्यांना आमचं गाव ठाऊकच आहे. गुऱ्हाळाचा हिशेब माझ्याकडे असतो. पुतण्या पुण्यात कॉम्प्युटर शिकतो. गेल्या दिवाळीत तो म्हणाला, ''तात्या, मला व्हिडिओ गेम बनवायची कंपनी काढायचीय. नव्या काहिलीसाठी ठेवलेले पैसे आबांनी मला द्यावेत. तुम्ही सांगा ना त्यांना.''

मी म्हटलं, ''आधी धंदा समजावून सांग.''

त्याने तो एका गेममधूनच समजावला. हाँगकाँगच्या ट्रेव्हर चॅन यांनी १९९५ मध्ये 'कॅपिटॅलिझम' नावाचा गेम आणला. त्यात मारामारी नाही. शेत, खाण, कारखाना, दुकान काढायचं, माल विकायचा आणि नफ्यात राहायचं. २०१२ मध्ये त्याचं 'कॅपिटॅलिझम लॅब' हे नवं रूप आलं. कोणता माल कशापासून बनतो, याचे तक्ते गेमच्या पोटात असतात. खेळणाऱ्यांनी त्या तक्त्यांत केलेला बदल किंवा घातलेली भर म्हणजे 'मॉड'. चुलवाण तेच, काहील तीच, आत शिजणारा जिन्नस मात्र आपला!

पुतण्याने गंमत म्हणून आधी गूळ घातला. ऊस, रस, ढेप. तो झकास बसला, कारण दुप्पट ढेपा हव्या तर दुप्पट ऊस लागतो. मग त्याने व्हिडिओ गेमचा उद्योग घातला आणि पाहता पाहता त्याची कंपनी श्रीमंत झाली.

मी तक्ता पाहिला. प्रत्येक प्रतीवर त्याने थोडा थोडा खर्च टाकला होता, अगदी ढेपेसारखा. मी विचारलं, ''अरे, दुसऱ्या प्रतीला ऊस कुठला लागतो?''

तो गप्प झाला. मंडळी, खरी गोम इथेच आहे. चित्रकार, प्रोग्रॅमर, संगीतकार यांचे वर्षानुवर्षांचे पगार पहिल्या प्रतीआधीच खर्च होतात. त्यानंतरची लाखावी प्रत जवळजवळ फुकट निघते. म्हणजे सगळी जोखीम पहिल्या विक्रीच्या आधी! त्याने खर्च संशोधनाकडे वळवला, आणि एकही प्रत विकण्याआधी त्याची कंपनी बुडाली.

हे नुसतं पडद्यावरचं नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 'राजी' हा गेम केला. २०१७ मध्ये त्यांनी 'किकस्टार्टर'वर लोकांकडून वर्गणी मागितली. ती ठरल्याएवढी जमली नाही. तरी काम चालू ठेवून २०२० मध्ये गेम बाजारात आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. मधली तीन वर्षं कशी काढायची, हाच या धंद्याचा प्रश्न आहे.

आणखी एक धोका असतो. फुकट निघणारी प्रत चोरालाही फुकटच निघते. गेम कंपनी चालवायचा 'गेम डेव्ह टायकून' हा गेम 'ग्रीनहार्ट गेम्स'चा. २०१३ मध्ये त्याची चोरटी प्रत त्यांनी स्वतःच पसरवली. त्या प्रतीत खेळणाऱ्याची कंपनी शेवटी चोरीमुळेच बुडायची! पहिल्या दिवशी ९३ टक्क्यांहून जास्त लोक चोरटी प्रत खेळत होते. त्यातलेच काही जण पुढे तक्रार करू लागले, की आमचे गेम लोक चोरतात, काय करावं?

म्हणून पुतण्याला सांगितलं, ''तक्त्यातला आकडा कुणीतरी बसवलेला असतो. तो कुणी आणि का बसवला, हे आधी विचार. आता तीन वर्षं विक्री शून्य धर. तोवर भाकरी कोण देणार, तेही तक्त्यात लिही.''

काहिलीचे पैसे काहिलीलाच लागले. तो थोडा नाराज झाला. आता नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी एक छोटा गेम बनवतोय. आबा विचारतात, ''ढेप कधी निघणार?'' तो म्हणतो, ''अजून रस आटतोय.''

तुमच्याही घरात कुणी तासन्‌तास असा गेम खेळत असेल, तर ओरडण्याआधी एकदा त्याचा तक्ता मागून पाहा.