वरचं बटण, पुढचं पाऊल

१९९६ साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या भयगेमच्या नियंत्रणांवरचा वाद अजून मिटलेला नाही. त्यात वरचं बटण दाबलं की नायिका जिल व्हॅलेंटाइन तिचं तोंड असेल तिकडे चालते. डावं-उजवं बटण तिला जागच्या जागी वळवतं. हेच ‘टँक कंट्रोल्स’. अनेकांना ते अवघड वाटतात. पण इथे कॅमेरा सतत जागा बदलतो. दिशा पडद्यानुसार ठरली असती, तर दृश्य पालटताच पळणारी जिल उलटी फिरून झॉम्बीच्याच अंगावर गेली असती! २००५च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ने कॅमेरा नायक लिऑनच्या पाठीमागे आणला, तेव्हा भीती जाऊन नुसती ॲक्शन उरली, अशी तक्रार झाली. मला ती अर्धीच पटते. कारण नेम धरताना लिऑनला पाऊलही हलवता येत नाही आणि गावकरी कुऱ्हाडी घेऊन चहूबाजूंनी येत असतात.