बोल्ट जात नाही? मग सॉफ्टवेअर बदला!

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये मला बोलावलं होतं ते प्लाझ्मा कटिंगचं नवं सॉफ्टवेअर सुचवायला. १२ मिलिमीटरच्या चाळीस बेसप्लेटी कापून तयार आणि एम-१६ चा बोल्ट एकाही छिद्रात जाईना. “फुकटचं सॉफ्टवेअर, दुसरं काय होणार,” मालक वैतागून म्हणाले. मी व्हर्नियर लावला. ड्रॉइंगमध्ये छिद्र १८ चं, प्लेटीवर आलेलं १६. बाहेरची बाजू हवी २००, आली २०२. छिद्र दोनने लहान आणि प्लेट दोननेच मोठी, म्हणजे चोर घरातलाच होता.

प्लाझ्माचा आर्क पत्र्यातून जाताना स्वतःपुरती जागा खातो. तो कर्फ, इथे साधारण २ मिलिमीटर. टॉर्च थेट ड्रॉइंगच्या रेषेवरून फिरवला तर छिद्र मोठं होतं आणि प्लेट लहान. म्हणून सॉफ्टवेअर टॉर्चची वाट अर्धा कर्फ भंगाराच्या बाजूला सरकवतं. ते इथे इमानदारीत सरकवलेलं होतं. पण मशीनच्या कंट्रोलरवरही कुणीतरी कर्फ २ भरून ठेवला होता, त्यामुळे भरपाई दोनदा झाली. कंट्रोलरवरचा आकडा शून्य केला, एक प्लेट पुन्हा कापली, बोल्ट गेला. लाखभर रुपयांचं सॉफ्टवेअर आणलं असतं तरी तो आकडा तिथेच बसून राहिला असता.

‘महाग सॉफ्टवेअर म्हणजे साफ कटिंग’ हा आपल्याकडचा सगळ्यात खर्चिक गैरसमज. प्लेटीखाली चिकटणारी मळी येते ती वेग, अँपिअर, हवेतलं पाणी आणि झिजलेलं नोझल यांमुळे. वेग कमी पडला तर मळी जाड येते, पण हातोडीच्या टोल्याने निघते. वेग जास्त झाला तर बारीक, पण ग्राइंडरशिवाय न हलणारी. सॉफ्टवेअर आपण भरलेला वेगच पाठवतं, आणि तो घ्यायचा असतो प्लाझ्मा सोर्सबरोबर आलेल्या पुस्तकातल्या कटिंग चार्टवरून. ते पुस्तक बहुतेक शेडमध्ये प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेलंच नसतं.

सॉफ्टवेअरची खरी परीक्षा छिद्रात होते. छिद्र गोल यावं म्हणून तिथे वेग सरळ कडेच्या साधारण ६० टक्क्यांवर आणतात. पण वेग घटला की आर्कचं व्होल्टेज वाढतं. टॉर्चची उंची सांभाळणारी यंत्रणा, म्हणजे टीएचसी, या व्होल्टेजवरच चालते. तिला वाटतं टॉर्च वर गेला, म्हणून ती त्याला खाली दाबते आणि टॉर्च प्लेटीत घुसू पाहतो. तेव्हा छिद्रापुरती टीएचसी आपोआप बंद करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये हवी. विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा; थ्रीडी चित्रं नंतर बघू.

दिशेचंही तसंच. ‘कुठूनही फिरवा, कापलं म्हणजे झालं’ असं नसतं. नेहमीच्या नोझलमध्ये वायू भोवऱ्यासारखा फिरतो, त्यामुळे टॉर्च पुढे जाताना त्याच्या उजवीकडची कड सरळ येते आणि डावीकडची तिरपी. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने, छिद्र उलट्या दिशेने आणि आधी छिद्रं, मग बाहेरची कड. सेटिंग उलटं पडलं तर चांगली कड भंगारात जाते.

‘आमचा ऑपरेटर नजरेनेच जॉब बसवतो, नेस्टिंग कशाला?’ पाच-सहा प्रकारचे जॉब असतील तर खुशाल बसवू द्या. मोठ्या फ्लँजच्या पोटात क्लीट बसवण्यात मुरलेला माणूस हरत नाही. पण साठ प्रकारचे तुकडे असतील तर हिशेब करा. २५०० बाय १२५० ची दोन सुताची, म्हणजे ६ मिलिमीटरची प्लेट सुमारे १४७ किलोची. सॉफ्टवेअरने तुकडे दाटीने मांडून, म्हणजे नेस्टिंगने, पाच टक्के वाचले तर सात किलोंच्या वर. लोखंड ६० रुपये किलो धरलं तर प्लेटीमागे ४४० रुपये. रोज तीन प्लेटी लागत असतील तर २५ दिवसांचे ३३ हजार. भंगाराचे जे येतात ते यातून वजा करा, तरी उरतात.

मिलिंगचा जी-कोड प्लाझ्माला चालेल, हेही ऐकतो. चालत नाही. आर्क पेटवताना टॉर्च कापण्याच्या उंचीच्या सुमारे दुप्पट ते अडीचपट वर हवा, भोक आरपार होईपर्यंत थांबायला हवा, मग खाली यायला हवा. हे न झालं तर वितळलेलं लोखंड उसळून नोझलमध्येच शिरतं. हा क्रम आपल्या कंट्रोलरला कळेल अशा भाषेत लिहितो तो पोस्ट-प्रोसेसर; तो जुळत नसेल तर ब्रँड कितीही मोठा असो, फाइल मशीनवर अडते. तो जुळला, तर ब्रॅकेट आणि गसेट कापणाऱ्या शेडला फ्रीकॅडचं ड्रॉइंग आणि शीटकॅमसारखं साधं सॉफ्टवेअर पुरतं. मशीनच लिनक्ससीएनसीवर चालत असेल तर कंट्रोलरचं सॉफ्टवेअर फुकट. क्रॅक केलेली प्रत मात्र फुकट पडत नाही. पेन ड्राइव्हवरून व्हायरस कंट्रोलरपर्यंत गेलेला मी पाहिलाय.

ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल उघडली की आधी एक माप तपासा. फाइल मिलिमीटरमधली आणि सॉफ्टवेअर इंचात वाचत असेल तर १०० ची प्लेट २५४० ची होते. ते निदान दिसतं तरी. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा दिसत नाहीत, आणि टॉर्च तीच कड दोनदा कापतो.

नवं घ्यायचंच असेल तर लॅपटॉपवरचा डेमो बघून पैसे देऊ नका. आपल्या मशीनवर, आपल्या प्लेटीत, १८ चं छिद्र असलेला १०० बाय १०० चा तुकडा कापून मागा. खिशात एम-१६ चा बोल्ट ठेवा.