गारपीट, मोटार आणि विमा

सांगोला तालुका हा पावसाची वाट पाहणाऱ्या मुलुखांपैकीं एक. माण नदीच्या कांठचा हा माळ वर्षानुवर्षें अवर्षणाशीं झुंजत आला आणि त्या झुंजींतूनच येथें डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. येथील फळें दूरदूर जाऊं लागलीं. देशांतील शंभरावी किसान रेल्वेगाडी २८ डिसेंबर २०२० रोजीं याच सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. डाळिंबाच्या पैशांतून घरें झालीं, मुलांचीं शिक्षणें झालीं आणि पुष्कळांच्या दारांत मोटारही आली. अशा मुलखांत आकाशांतून पाणी पडलें तर तो उत्सव; पण तेंच पाणी गोठून, दगड होऊन पडलें, तर एका घटकेंत बाग आणि मोटार दोन्हींवर घाला पडतो.

२०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर जी गारपीट झाली, तिनें सोलापूर जिल्ह्यासह राज्याचा फार मोठा भाग झोडपून काढला. पिकांच्या पंचनाम्यांची तेव्हां पुष्कळ चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. परंतु सरकारी मदतीच्या नियमांत पीक, जनावर आणि घर यांना स्थान आहे, मोटारीला नाहीं. फळबागेचा विमा उतरला असेल तर तो बागेपुरता. मोटारीची नुकसानी भरून निघायची ती मोटारीच्याच विम्यांतून. आणि ती मोटार कर्जाऊ असेल, तर पत्र्याला पोचे पडले म्हणून बँकेचा हप्ता कांहीं थांबत नाहीं.

म्हणून आज श्रोत्यांपुढें एकच गोष्ट मांडावयाची आहे. गारांनीं मोटारीचें जें नुकसान होतें, त्याचा निकाल गारा पडतात त्या पंधरा मिनिटांत लागत नाहीं. तो दोन वेळां लागतो: एकदां, आपण विमापत्र घेतों त्या दिवशीं; आणि दुसऱ्यांदा, गारा थांबल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत.

प्रथम गारेचें बळ कशांत आहे तें पाहूं. उन्हाळ्याच्या तोंडीं जमीन तापते, दमट हवा झपाट्यानें वर चढते आणि दुपारनंतर मनोऱ्यासारखा उंच काळा ढग उभा राहतो. त्या ढगांत शून्य अंशाखालीं जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. बर्फाचा एखादा कण त्यांत सांपडला कीं ते थेंब त्याच्यावर आपटून गोठतात. वर जाणारा वारा त्या कणाला तोलून धरतो, थरावर थर चढतात, आणि वाऱ्याला भार सोसेनासा झाला म्हणजे गार खालीं येते. येथें एक हिशेब ध्यानांत धरण्यासारखा आहे. गारेचा व्यास दुप्पट झाला तर तिचें वजन आठपट होतें, शिवाय पडण्याचा वेगही वाढतो. दोन्ही मिळून आघाताची शक्ति सुमारें सोळापट होते. म्हणूनच हरभऱ्याएवढ्या गारा मोटारीच्या टपावर ताशा वाजवून निघून जातात, आणि लिंबाएवढ्या गारा पत्र्याला पोचे पाडून कांचा फोडतात. जर्मनींतील म्यूनिक शहरावर १२ जुलै १९८४ रोजीं अशी गारपीट झाली, तेव्हां सुमारें दोन लाख मोटारी जायबंदी झाल्या.

आपल्याकडे हवामान खातें गारपिटीचा इशारा आधीं देतें, आणि ढग उभा राहिल्यावर पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाजही देतें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचें ‘दामिनी’ नांवाचें मोबाईलवरील साधन विजेची सूचना देतें. आणि वीज व गार एकाच ढगाचीं लेकरें. असा इशारा मिळाला तर मोटार छपराखालीं घ्यावी. छप्पर नसेल तर टपावर, बॉनेटवर आणि कांचांवर जाड गोधड्या किंवा घोंगड्या टाकून त्या दोरीनें आवळून बांधाव्या. नुसतें प्लास्टिकचें आवरण धुळीला अडवील, गारेला नाहीं. मात्र हें काम ढग फुटण्यापूर्वीचें. गारा पडूं लागल्यावर मोटार वांचविण्यास बाहेर धांवणें हा शुद्ध अविचार होय; पत्रा बदलतां येतो, डोकें बदलतां येत नाहीं.

रत्नागिरीहून सोलापुराकडे जाणारा राष्ट्रीय मार्ग सांगोल्यावरूनच जातो. अशा मोकळ्या रस्त्यावर गारांनीं गांठलें तर वेग कमी करून गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण बाहेर घ्यावी. झाडाखालीं थांबूं नये. तेथें विजेचें आणि मोडणाऱ्या फांदीचें भय. पुलाखालीं रस्ता अडवून थांबणें हें मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतणारें. शक्य असेल तर गाडीचें तोंड गारांच्या माऱ्याकडे ठेवावें. याचें कारण असें: पुढची कांच दोन थरांची असून मध्यें चिवट पापुद्रा असतो, ती तडकली तरी सहसा अंगावर येत नाहीं. बाजूच्या कांचा तशा नसतात. त्या फुटल्या म्हणजे त्यांचे खड्यांसारखे तुकडे होऊन आंत पडतात.

आतां विम्याकडे वळूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें जो विमा सक्तीचा केला आहे, तो तिऱ्हाइताच्या नुकसानीचा, म्हणजे ‘थर्ड पार्टी’ विमा. आपल्या मोटारीनें दुसऱ्याला इजा झाली तर तो उपयोगी पडतो. आपल्या मोटारीवर आभाळ कोसळलें तर त्यांतून एक पैही मिळत नाहीं. ‘गाडीचा विमा आहे’ असें समाधानानें सांगणाऱ्या पुष्कळांजवळ एवढाच विमा असतो, आणि ही गोष्ट त्यांना कळते ती गारा पडून गेल्यावर. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग ज्यांत आहे, तीच पॉलिसी येथें कामाची. तिच्या कलमांत आग, वीज, भूकंप, पूर आणि वादळ यांच्या पंक्तींत गारपिटीचें नांव स्पष्ट छापलेलें असतें. आपल्या कपाटांतील विमापत्र काढून तें नांव त्यांत आहे कीं नाहीं, आणि पत्राची मुदत कधीं संपते, हें आजच पाहून घ्यावें.

समजा, विमा योग्य आहे आणि गारा पडून गेल्या आहेत. आतां पहिला आठवडा सुरू झाला. पहिलें काम, मोटार जशी आहे तशी ठेवून तिचीं छायाचित्रें घेणें: चारी बाजूंनीं, टपाचीं, नंबरपट्टीसह, आणि जमिनीवर गारा असतील तर त्यांचींही. उन्हांत पोचे दिसत नाहींत. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडांत ते स्पष्ट उठून दिसतात. दुसरें काम, विमा कंपनीला ताबडतोब कळविणें आणि दाव्याचा क्रमांक लिहून ठेवणें. तिसरें काम हें न करण्याचें काम आहे: कंपनीचा सर्व्हेअर पाहणी करून जाईपर्यंत, किंवा कंपनीनें छायाचित्रांवरून मान्यता देईपर्यंत, गाडीला हातोडी लावूं देऊं नये. गल्लींतील ओळखीचा कारागीर ‘उद्यां सकाळीं ठोकून देतों’ म्हणतो, आपण हो म्हणतों आणि नुकसानीचा पुरावा आपल्याच हातानें पुसून टाकतों. फुटलेल्या कांचेवर ताडपत्री बांधून पाणी आंत जाऊं न देणें एवढें मात्र अवश्य करावें. नुकसान वाढूं न देणें हें विमेदाराचें कर्तव्यच आहे.

दुरुस्तीचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला जुना व परिचित: पोचा ठोकून काढणें, राहिलेल्या खळग्यांत लांबी भरणें, घासणें आणि रंग देणें. रंग उडाला असेल किंवा पत्र्याला घडी पडली असेल, तर याला पर्याय नाहीं. दुसरा मार्ग नवा: रंगाला धक्का न लावतां पत्र्याच्या आंतल्या बाजूनें वांकड्या सळ्या घालून, पोचा थोडाथोडा दाबत वर आणणें, जेथें आंतून हात पोंचत नाहीं तेथें बाहेरून डिंकासारख्या पदार्थानें पकड चिकटवून ओढणें. गारेचा पोचा बहुधा उथळ व गोल असतो आणि रंग शाबूत असतो. म्हणून गारपिटीच्या नुकसानीला हा मार्ग विशेष मानवतो. कारखान्यांत भट्टींत भाजून बसविलेला मूळ रंग त्यांत टिकतो, आणि पुढें गाडी विकतांना त्याला किंमत येते. असे कुशल कारागीर मोठ्या शहरांतच अधिक सांपडतात. पण दोनचार दिवस थांबून गाडी तेथें नेणें हें साऱ्या टपावर लांबी थापून घेण्यापेक्षां पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें. उकळतें पाणी ओतून पोचा काढण्याचे घरगुती प्रयोग मात्र पोलादी पत्र्यावर सहसा यशस्वी होत नाहींत, रंगाला अपाय तेवढा होतो.

कंपनी सर्व बिल देते काय? नाहीं. सर्वसाधारण पॉलिसींत सुट्या भागांच्या किंमतींतून घसारा वजा होतो. कांचेला घसारा नाहीं. रबर व प्लास्टिकच्या भागांना निम्मा. पत्र्याच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणें. एक काल्पनिक उदाहरण घेऊं. गाडी साडेतीन वर्षांची आहे. नवें बॉनेट १२,००० रुपये, पुढची कांच ८,०००, पोचे काढण्याची मजुरी १०,००० आणि रंगकाम ४०,०००, असें एकूण ७०,००० रुपयांचें बिल झालें. या वयाला पत्र्याचा घसारा शेंकडा २५. म्हणजे बॉनेटमागें ३,००० रुपये गेले. रंगकामांतील चौथा हिस्सा हा रंगाच्या मालाचा धरतात, आणि त्याचा निम्मा कापतात; म्हणजे ५,००० गेले. लहान खासगी मोटारीला सक्तीची वजावट १,००० रुपये. एकूण ९,००० आपले आणि ६१,००० कंपनीचे. ‘झिरो डेप’ नांवाची जोड आधींच घेतली असेल, तर घसाऱ्याची ही कात्री बहुतांशीं टळते.

पण नुकसान थोडें असेल तर दावा करावाच काय? येथें दुसरा हिशेब मांडला पाहिजे. ज्या वर्षीं दावा होत नाहीं, त्यानंतरच्या हप्त्यांत ‘नो क्लेम बोनस’ म्हणून सूट मिळते. ती क्रमानें शेंकडा २०, २५, ३५, ४५ आणि ५० अशी चढते, आणि एका दाव्यानें शून्यावर येते. समजा, आज आपली सूट ३५ आहे आणि स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता वर्षाला १०,००० रुपये आहे. दावा न केल्यास पुढील पांच वर्षांची सूट ४५, ५०, ५०, ५०, ५०; केल्यास ०, २०, २५, ३५, ४५. दोहोंतील फरक एकूण शेंकडा १२०, म्हणजे १२,००० रुपये. गाडी जुनी होते तसा मूळ हप्ता उतरत जातो, म्हणून ही रक्कम प्रत्यक्षांत कांहींशी कमी भरेल. तरीही कंपनीकडून मिळणारी रक्कम याहून कमी असेल, तर पदरचा खर्च करणेंच हिताचें. याहून बरीच अधिक असेल, तर संकोच न करतां दावा करावा. हप्ता भरला आहे तो याचसाठीं.

जुन्या गाडीच्या बाबतींत आणखी एक संभव असतो. दुरुस्तीचा खर्च पॉलिसींत ठरलेल्या गाडीच्या किंमतीच्या तीन चतुर्थांशाहून अधिक झाला, तर गाडी पूर्ण निकामी समजून ती किंमत दिली जाते. गाडीवर बँकेचें कर्ज असेल तर त्या रकमेवर पहिला हक्क बँकेचा.

दावा अन्यायानें नाकारला गेला किंवा मनमानीनें कापला गेला असें वाटलें, तर हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. प्रथम कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. महिन्याभरांत उत्तर न आलें, किंवा आलेलें उत्तर पटलें नाहीं, तर एक वर्षाच्या आंत विमा लोकपालांकडे जातां येतें. सोलापूर जिल्ह्यासाठीं त्यांचें कार्यालय पुण्यास आहे. तेथें फी नाहीं आणि वकिलाची गरज नाहीं. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगाचें दार खुलें असतेंच. या सर्व ठिकाणीं आपला कैवार घेणारी वस्तु एकच: पहिल्या दिवशीं काढलेलीं छायाचित्रें आणि जपून ठेवलेले कागद.

डाळिंबाचा बागाईतदार हा धडा नकळत रोज गिरवीत असतो. फळ फुटल्यावर तो आच्छादन शोधीत नाहीं. बहर धरतांनाच त्याची तजवीज करतो. गार कोठें पडावी हें माणसाच्या हातीं नाहीं. परंतु ती पडून गेल्यावर घरांत फक्त कर्जाचा हप्ता उरावा, कीं त्याबरोबर एक पुरतें विमापत्रही असावें, हें मात्र फाल्गुनांतले ढग जमण्यापूर्वीं ज्याचें त्यानें ठरवावयाचें आहे.